थकलेले कर्ज आणि खात्यातून कापले जाणारे दंडशुल्क : बँकेकडे दाद कशी मागावी?

प्रश्न : रिवाइंडिंगवाला, औसा (जि. लातूर)

नमस्कार. औसा तालुक्यात माझे विद्युत मोटारी रिवाइंडिंग करण्याचे छोटे दुकान आहे. दुकानासाठी एका बँकेकडून दोन लाख रुपयांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा (म्हणजे ठरलेल्या रकमेपर्यंत लागेल तसे पैसे उचलण्याची सोय) घेतलेली आहे आणि त्याच शाखेत माझे बचत खाते आहे. २०२५ च्या सुरुवातीला एका फायनान्स कंपनीकडून जुन्या मालवाहू टेम्पोसाठी कर्ज घेतले. त्याचा ६,४५० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला या बचत खात्यातून आपोआप वळता होतो.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्या भागातील विहिरींवरच्या मोटारी पाण्याखाली गेल्या, त्यामुळे दुरुस्तीचे काम भरपूर आले. परंतु ज्यांच्या मोटारी होत्या, त्यांचेच सोयाबीन पाण्यात गेले होते. त्यांच्याकडे मजुरी मागायला तोंड नव्हते, म्हणून ती उधारीवर राहिली, आणि तांब्याची तार मात्र मला लातूरहून रोखीने आणावी लागली. तेव्हापासून सगळे गणित विस्कटले आहे. ओव्हरड्राफ्ट खात्यावर दरमहा व्याज नावे पडते आणि खाते मर्यादेच्या पाच-सहा हजार रुपये वर गेलेले आहे.

कर्ज मी घेतले आहे आणि ते मी फेडणार आहे, याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती शुल्कांबद्दल. बचत खात्याचा उतारा काढून पाहिला, तेव्हा दिसले ते असे : आधीच्या कपातींनी शिल्लक शून्यावर आली असताना किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल प्रत्येकी ३५४ रुपयांच्या दोन नोंदी पडल्या; त्यानंतर सलग तीन हप्ते परत गेले आणि दर वेळी ५९० रुपये लागले. अशा रीतीने खाते उणे २,४७८ रुपयांवर गेले. पुढच्या हप्त्यासाठी मी उसनवारी करून ४ तारखेला ८,५०० रुपये भरले. भरल्याबरोबर २,४७८ रुपये वळते झाले, खात्यात ६,०२२ रुपये राहिले, आणि दुसऱ्या दिवशी ६,४५० रुपयांचा हप्ता पुन्हा परत गेला. त्यावर बँकेने पुन्हा ५९० रुपये लावले आणि फायनान्स कंपनीने आपला दंड वेगळा लावला. ओव्हरड्राफ्ट खात्यात तर ‘पीनल’ या नावाने दरमहा एक रक्कम पडते. ती कशाची आहे, हे शाखेत कोणीही नीट सांगत नाही. शाखाधिकारी म्हणतात, ‘सिस्टीम कापते, आमच्या हातात काही नाही.’

हे पैसे परत मागता येतात का? मी तक्रार केली, तर चिडून बँक माझी मर्यादा बंद करेल का? आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मी खात्यात पैसे भरणे थांबवावे का? ज्यांना या कामाची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त शाखाधिकारी, नांदेड

नमस्कार. आपण आकडे दिले हे फार चांगले केले, कारण अशा तक्रारीत ‘बँक लुटते’ या वाक्याचा काहीच उपयोग होत नाही आणि एका नोंदीचा मात्र होतो. ‘सिस्टीम कापते’ हे उत्तर तर मुळीच मान्य करू नका. सिस्टीममध्ये कोणते शुल्क कोणत्या अटीवर कापायचे, हे बँकेने ठरवलेले असते आणि बँकेने ते रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत ठरवायचे असते. चुकीने कापलेली रक्कम परत जमा करण्याची व्यवस्थाही त्याच सिस्टीममध्ये असते. शाखेला अधिकार नसेल, तर शाखेने प्रस्ताव विभागीय कार्यालयाकडे पाठवायचा असतो.

प्रथम किमान शिल्लकीच्या दोन नोंदी घेऊ. रिझर्व्ह बँकेचे २० नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. त्यानुसार बचत खात्यातील शिल्लक किमान मर्यादेखाली गेल्यास बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने तसे स्पष्ट कळवायचे असते. सूचनेच्या तारखेपासून एक महिन्यात शिल्लक पूर्ववत झाली नाही, तर शुल्क लागू होईल, हेही त्या सूचनेत सांगायचे असते. शुल्क किती, तर शिल्लक जितकी कमी पडली असेल त्या प्रमाणात. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केवळ किमान शिल्लकीच्या शुल्कामुळे बचत खाते उणे होता कामा नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्या खात्यात शून्य शिल्लक असताना ही शुल्के लागली आणि खाते उणे झाले. म्हणजे ३५४ च्या त्या दोन नोंदी, एकूण ७०८ रुपये, सरळसरळ आक्षेप घेण्याजोग्या आहेत.

आता त्याच्या पुढचा भाग पाहा. माझ्या मते आपल्या तक्रारीचा खरा जोर इथे आहे. आपण ८,५०० रुपये भरले, त्या दिवशी खात्यात ७०८ रुपयांची ती नावे रक्कम नसती, तर परत गेलेल्या तीन हप्त्यांचे १,७७० रुपये वळते होऊनही ६,७३० रुपये शिल्लक राहिले असते. हप्ता होता ६,४५० रुपयांचा. तो वटला असता आणि वर २८० रुपये उरले असते. म्हणजे चौथा हप्ता परत गेला तो आपल्याकडे पैसे नव्हते म्हणून नव्हे. बँकेने लावायला नको होते ते ७०८ रुपये आधी काढून घेतल्यामुळे गेला. त्यामुळे चौथ्या वेळचे ५९० रुपयेही परत मागा, म्हणजे ही रक्कम १,२९८ रुपये होते, आणि फायनान्स कंपनीने त्या महिन्यात लावलेल्या दंडाची भरपाईही बँकेकडेच मागा. हे गणित अर्जात ओळीने, तारखांसह मांडा. अर्ज हाताळणारा माणूस विभागीय कार्यालयात बसलेला असतो, आपल्याला ओळखत नसतो, आणि त्याला उतारा व अर्ज शेजारी ठेवून दोन मिनिटांत पटले पाहिजे.

पहिल्या तीन वेळच्या ५९० रुपयांबद्दल मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. हप्ता परत गेल्यास शुल्क घेण्याचा बँकेला अधिकार आहे. ५०० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा तो आकडा दिसतो. बँकेच्या प्रसिद्ध शुल्कपत्रकात तोच दर आहे का, एवढे तपासा. मात्र फायनान्स कंपनीने एकाच महिन्याचा हप्ता दोनदा सादर केला असेल, तर दुसऱ्या वेळच्या शुल्काबद्दल कंपनीला जाब विचारता येतो. आपले टेम्पोचे कर्ज २०२५ मधले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा नव्या मुदत कर्जांना ‘मुख्य तथ्य विवरण’ (की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचे व्याज व शुल्के एका ठिकाणी सांगणारा कागद) देणे बंधनकारक आहे आणि त्यात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. तो कागद शोधा. मिळाला नाही, तर कंपनीकडून लेखी मागवा.

ओव्हरड्राफ्टमधील ‘पीनल’ या नोंदीकडे येतो. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज ही पद्धत बंद केली आहे. कर्जाच्या अटी मोडल्यास बँक ‘दंडशुल्क’ घेऊ शकते, पण व्याजदरातच भर घालून दंड वसूल करू शकत नाही, दंडशुल्क मुद्दलात मिळवू शकत नाही आणि त्यावर पुढे व्याजही आकारू शकत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आणि जुनी कर्जे ३० जून २०२४ पर्यंत या पद्धतीवर आणायची होती. व्यापारी बँका, ग्रामीण बँका, नागरी सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्या या सर्वांना ते लागू आहे. मूळ व्याजावर नेहमीप्रमाणे होणाऱ्या चक्रवाढीला मात्र या परिपत्रकाने हात लावलेला नाही, त्यामुळे ‘व्याजावर व्याज का?’ असा सरसकट आक्षेप घेऊ नका. आपण असे विचारा : ही रक्कम कोणत्या अटीच्या भंगाबद्दल आहे, मंजुरीपत्रातील कोणत्या कलमानुसार आहे, दर काय आहे, आणि ती खात्यात नावे टाकल्यानंतर तिच्यावर व्याज आकारले जात नाही हे बँक कसे दाखवते? अनेकदा उत्तर मिळते की स्टॉक स्टेटमेंट (दुकानातील मालाचा बँकेला द्यायचा तपशील) दिले नाही म्हणून दंड लागला. तसे असेल, तर ते ताबडतोब देऊन टाका म्हणजे पुढचा दंड तरी थांबेल.

मर्यादा बंद होईल का, याबद्दल. तक्रार केली एवढ्या कारणाने कोणतीही बँक लेखी नोटीस काढत नाही, काढूही शकत नाही. मर्यादा धोक्यात येते ती खाते अनियमित राहिल्याने. म्हणून तक्रार चालू असली, तरी भरणा थांबवू नका.

उत्तर २ : बचतगट समन्वयक, गंगाखेड (जि. परभणी)

वरील साहेबांनी नियम छान समजावून सांगितले आहेत, त्यामुळे मी फक्त कागद कसा द्यायचा ते लिहिते, कारण आमच्या गटातल्या महिलांचे घोडे तिथेच अडते. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक शाखेला द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. ‘ठेवून जा, बघतो’ असे म्हणाले, तरी पोच घेतल्याशिवाय उठू नये. पोच देतच नसतील, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने शाखेच्या पत्त्यावर पाठवावा आणि पावती व पोहोचल्याची नोंद जपून ठेवावी. तोंडी तक्रारीला पुढे कोणी विचारत नाही, आणि पुढची प्रत्येक मुदत या पोचेवरच्या तारखेपासून मोजली जाते.

आमच्या गटातील एका ताईंच्या खात्यात शिष्यवृत्तीचे पैसे आले आणि आल्या पावली किमान शिल्लकीच्या शुल्कात गेले. त्यांनी अर्जात दोनच गोष्टी विचारल्या होत्या : शुल्क लावण्यापूर्वी मला एक महिन्याची सूचना कोणत्या तारखेला आणि कोणत्या क्रमांकावर पाठवली, आणि खाते उणे कसे झाले. शाखेला सूचनेचा पुरावा दाखवता आला नाही आणि रक्कम परत जमा झाली. आपणही हे दोन प्रश्न अर्जात अवश्य घाला, कारण पुष्कळांचे जुने मोबाइल क्रमांक खात्याला जोडलेले असतात आणि सूचना भलत्याच ठिकाणी जात असते.

दुसरे असे की आपले बचत खाते ‘मूलभूत बचत खाते’ करून देण्याचा अर्ज द्या. त्यात किमान शिल्लकीची अटच नसते, म्हणून ते शुल्कही लागत नाही. जनधन खाती याच प्रकारची आहेत. मात्र ज्या बँकेत असे खाते असते, त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, एवढे लक्षात ठेवा.

दादा, घरखर्चाचे पैसे आणि वहिनींची काही कमाई असेल तर ती, या शाखेतल्या खात्यात येऊच देऊ नका. दुसऱ्या बँकेत साधे खाते उघडून ते पैसे तिकडे ठेवा. किराणा आणि मुलांची फी शुल्कात जाणे थांबले, म्हणजे भांडायलाही बळ राहते.

उत्तर ३ : आडत व्यापारी, जालना

ताईंचा सल्ला घरखर्चापुरता योग्य आहे, परंतु दुकानाचा गल्ला दुसऱ्या बँकेत वळवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट खात्यात सलग ९० दिवस काहीच जमा झाले नाही, किंवा जमा झालेली रक्कम त्या काळात लागलेल्या व्याजालाही पुरली नाही, तर खाते ‘अनियमित’ ठरते आणि एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत होऊ घातलेले कर्ज, होते. शिल्लक सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिली, तरीही तेच होते. आपले खाते पाच-सहा हजारांनी वर आहे, असे आपण लिहिले आहे. केव्हापासून वर आहे, ते आजच पाहा. तेराशे रुपयांसाठी अर्ज जरूर करा, पण त्या पाच-सहा हजारांचा काटा आधी खाली आणा, कारण एकदा एनपीएचा शिक्का बसला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, तो वर्षानुवर्षे दिसतो आणि मग कोणतीही बँक दारात उभी करत नाही.

उधारी वसूल होत नसेल, तर बँकेकडे लेखी मुदत मागा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०१६ रोजी एक आराखडा दिलेला आहे. त्यानुसार २५ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जखात्यात ताण दिसू लागताच, म्हणजे खाते एनपीए होण्यापूर्वीच, बँकेने सुधारणेचा मार्ग पाहायचा असतो आणि कर्जदारालाही स्वतःहून तसा अर्ज करता येतो. त्यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असावी. ती विनामूल्य होते. मर्यादेवरची रक्कम छोट्या मुदत कर्जात वळवून हप्ते पाडून देणे, हा अशा वेळचा नेहमीचा तोडगा आहे. अर्जासोबत उधारीची वही जोडा : कोणत्या गावच्या किती मोटारी, किती रक्कम येणे, तूर किंवा हरभरा विकल्यावर किती येईल. बँकेला आपली अडचण ऐकण्यापेक्षा पैसे कोणत्या महिन्यात येणार, हे पाहायचे असते.

टेम्पोच्या हप्त्याबाबत फायनान्स कंपनीला तारीख बदलून मागा. ५ तारीख आपल्या धंद्याला जमत नसेल, तर ती बदलण्याची विनंती करायला काहीच हरकत नाही. तोपर्यंत हप्त्याची रक्कम कमी पडणार असे दिसले, तर २-३ तारखेलाच कंपनीच्या कार्यालयात हप्ता भरून पावती घ्या आणि त्या महिन्यात खात्यावर हप्ता सादर करू नये, असे लेखी द्या.

उत्तर ४ : वकील, छत्रपती संभाजीनगर

वरील सर्व सल्ले उपयुक्त आहेत. कायद्याच्या बाजूने काही गोष्टी जोडतो.

बँकेने तक्रार फेटाळली, उत्तर समाधानकारक दिले नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून ही योजना एकत्रित झालेली आहे, त्यामुळे बँक आणि फायनान्स कंपनी यांच्यासाठी वेगवेगळी दारे शोधावी लागत नाहीत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार व्यवस्थापन प्रणालीच्या संकेतस्थळावर करता येते किंवा चंदीगड येथील केंद्रीकृत केंद्राकडे टपालाने पाठवता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शुल्क काहीही नाही. तक्रार स्वतः करावी किंवा आपण अधिकार दिलेल्या व्यक्तीमार्फत करावी. वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे स्वीकारली जात नाही, त्यामुळे यासाठी माझ्यासारख्या कोणालाही पैसे देऊ नका. थेट लोकपालाकडे मात्र जाऊ नका. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल, तर ती तिथे टिकत नाही, आणि पुष्कळांचे अर्ज परत येतात ते याच कारणाने.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे लातूरलाच, तक्रार दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि लहान रकमेच्या तक्रारींना दाखल शुल्क नसते. इथे एक अडचण लक्षात घ्या. ओव्हरड्राफ्ट व्यवसायासाठी घेतलेला असल्याने ‘हा ग्राहकच नव्हे, व्यापारी हेतू आहे’ असा आक्षेप बँक पहिल्याच तारखेला घेईल आणि वाद तिथेच अडकून पडेल. बचत खात्याच्या बाबतीत हा आक्षेप घेणे तितके सोपे नाही. म्हणून बचत खात्याची तक्रार आणि ओव्हरड्राफ्टची तक्रार अगदी पहिल्या अर्जापासून वेगवेगळ्या ठेवा. एकाच कागदावर दोन्ही घातल्या, तर भक्कम तक्रारीच्या गळ्यात कमकुवत तक्रार अडकते. एकाच कारणासाठी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येत नाही. माझे मत विचाराल, तर या रकमेसाठी लोकपाल पुरेसा आहे.

बँकेने उतारे देण्यास टाळाटाळ केली आणि बँक सार्वजनिक क्षेत्रातील असेल, तर स्वतःच्या खात्याची माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. शुल्क कोणत्या परिपत्रकानुसार आकारले, त्या परिपत्रकाची प्रतही त्याच अर्जात मागावी.

एक इशारा द्यावासा वाटतो, कारण या टप्प्यावर माणसे नोटिशीचे पाकीट उघडत नाहीत. धनादेश न वटल्यास जसे परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागते, तसेच आपोआप वळता होणारा हप्ता पुरेशा शिल्लकीअभावी परत गेल्यास देयक व तडजोड प्रणाली अधिनियम, २००७ च्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. कंपनीची मागणी नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरण्याची संधी असते. नोटीस घ्या, उघडा आणि तारीख लिहून ठेवा. पोस्टमनला परत पाठवल्याने काहीही टळत नाही. वसुलीचे लोक सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या सूचनांनुसार त्याला मनाई आहे. फोनच्या नोंदी जपून ठेवा. पैशांअभावी वकील लावणे शक्य नसेल, तर लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्यासाठी अर्ज करता येतो. त्यांचा क्रमांक १५१०० आहे.

प्रश्नकर्ता : रिवाइंडिंगवाला, औसा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही खात्यांचे उतारे काढले. ओव्हरड्राफ्ट खाते मर्यादेच्या वर गेल्याला दोन महिने होत आले आहेत. मुरूडच्या दोन गिऱ्हाइकांनी हरभरा विकून उधारी दिली, ती रक्कम सरळ त्याच खात्यात भरली आहे. राहिलेल्या रकमेसाठी मुदत मागणारा अर्ज तयार करतो आहे. बचत खात्याचा अर्ज वेगळा लिहिला असून त्यात ७०८ आणि ५९० रुपयांचे गणित नांदेडच्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मांडले आहे. पोच मिळाली आहे.

आता एकच शंका राहिली. माझ्या वडिलांचे खाते याच शाखेत आहे. त्यात पीएम किसानचे दोन हजार रुपये येतात. अर्ज द्यायला गेलो, तेव्हा तिथले एक कर्मचारी म्हणाले की मर्यादा नियमित केली नाही, तर वडिलांच्या खात्यालाही ‘होल्ड’ लागेल. वडील माझ्या कर्जाला जामीनदार नाहीत आणि त्यांची कुठेही सही नाही. असे करता येते का? वडील हे ऐकून फार घाबरले आहेत.

उत्तर ५ : निवृत्त शाखाधिकारी, नांदेड

वडिलांना आधी सांगा की घाबरण्याचे कारण नाही. ज्याच्याकडून येणे आहे, त्याच माणसाच्या, त्याच नात्याने असलेल्या खात्यातील रकमेतून बँक आपले येणे वळते करू शकते. मुलाच्या कर्जासाठी वडिलांच्या स्वतंत्र खात्याला हात लावता येत नाही. ते सहकर्जदार किंवा जामीनदार असते, तर गोष्ट वेगळी होती. आपल्या मंजुरीपत्राची आणि कर्ज कागदपत्रांची प्रत मागून एकदा खात्री करून घ्या, कारण कित्येकदा घाईत घेतलेल्या सह्यांमध्ये घरातील माणसाची सही असते आणि ती घरच्यांनाही आठवत नाही. खाते दोघांच्या संयुक्त नावाने असेल, तर तेही पाहून घ्या.

सही नसल्याची खात्री झाली, की वडिलांच्या नावाने, त्यांच्याच सहीचे किंवा अंगठ्याचे चार ओळींचे पत्र शाखेला द्या : ‘माझ्या बचत खात्यातील रक्कम माझ्या मुलाच्या कर्जखात्यात वळती करण्यास किंवा त्यासाठी खाते रोखून ठेवण्यास माझी संमती नाही. मी त्या कर्जाचा सहकर्जदार वा जामीनदार नाही. असे काही केले असल्यास त्याचा आदेश, तारीख व अधिकार मला लेखी कळवावा.’ या पत्राचीही पोच घ्या. तोंडी धमकी देणारा कर्मचारी लेखी उत्तराची वेळ आली की सहसा मागे हटतो, असा माझा नोकरीतला अनुभव आहे.

आपल्या बचत खात्याबद्दल मात्र सावध राहा, कारण ते आपल्याच नावावर आहे आणि तिथे बँकेला वळते करण्याचा अधिकार पोहोचतो. टेम्पोचा पुढचा हप्ता त्या खात्यात ठेवण्याऐवजी, जालन्याच्या भाऊंनी लिहिल्याप्रमाणे, फायनान्स कंपनीच्या कार्यालयात तारखेपूर्वी भरा. बचत खात्याच्या अर्जाला ३० दिवस पूर्ण होतील, ती तारीख पोचेच्या प्रतीवरच लिहून ठेवा आणि तोपर्यंत उत्तर आले नाही, तर लोकपालाची तक्रार दुसऱ्याच दिवशी टाका. सोबत उतारा, पोच आणि आपण मांडलेले ते गणित जोडा.

आणि दोन महिने होत आले आहेत, असे आपण लिहिले आहे, म्हणजे ९० दिवसांना फार अवधी उरलेला नाही. मुदत मागणारा अर्ज याच आठवड्यात द्या.